मूल आईबापांच्याच घरी वाढावं म्हणून

मानसिक आजारावर उपचार चालू असलेल्या बाईला मूल झालं, की बाळाबद्दलचे निर्णय हळूहळू तिला वगळून व्हायला लागतात. आंघोळ आजी घालते, दूध कधी पाजायचं ते नणंद सांगते, लसीकरणाचं कार्ड सासूबाईंच्या कपाटात जातं. आईला बौद्धिक अक्षमता असेल तर विचारायलाच नको. बाळ तिच्याकडे फक्त पाजण्यापुरतं येतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण वर्षभराने तीच माणसं म्हणतात, "हिला मुलाचं काही कळत नाही." कळावं कसं? बाळाला न्हाऊ घालणं, भरवणं, रडण्यातली भूक आणि झोप ओळखणं हे करून करून येतं, आणि तिला करूच दिलेलं नसतं.

टकर आणि जॉन्सन या संशोधकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या आयांना मिळणाऱ्या मदतीचा अभ्यास करून 1989 साली एक महत्त्वाचा फरक मांडला. एका प्रकारच्या मदतीने आईची क्षमता वाढते. दुसऱ्या प्रकारच्या मदतीने होती तीही जाते. कष्ट दोन्हींत सारखेच पडतात, आणि मदत करणारी माणसंही बऱ्याचदा तीच असतात. पहिल्या प्रकारची मदत रोजच्या व्यवहारात कशी करायची, ते इथे सांगायचं आहे. सासर-माहेरची माणसं, शेजारी, आशाताई, अंगणवाडीसेविका, शाळेतल्या बाई अशा, या आईबापांच्या आसपास वावरणाऱ्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. अशी कुटुंबं कमी नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि प्रौढांमध्ये आईबाप आलेच.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया हे आजार कुठल्याही वयात येऊ शकतात. त्यावर औषधं आहेत, चांगला काळ असतो, वाईट काळ असतो. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते. तिच्यावर गोळी नाही, पण माणूस सावकाश का होईना शिकतो, आणि सराव टिकला तर शिकलेलं टिकतं. आजारी आईला आठ महिने तुमची काहीच गरज लागणार नाही आणि मग एका आठवड्यात सगळीच लागेल. हळू शिकणाऱ्या आईला मदत थोडी थोडी, पण वर्षानुवर्षं लागेल, कारण मूल वाढतं तशी दर वर्षी नवी गोष्ट शिकावी लागते. कुणाला आधी काय हवं हे यावरून ठरवायचं.

हा घोळ फक्त घरातच होतो असं नाही. 2009 साली चंदीगडच्या एका शासकीय निवारागृहातली बौद्धिक अक्षमता असलेली तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली. तिला मूल हवं होतं, तरी उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि स्पष्ट सांगितलं, की गर्भपाताच्या कायद्यात मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांत भेद केलेला आहे, आणि या मुलीच्या इच्छेला डावलता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रातला इतिहास याहून कडू आहे. 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली होती. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार आता दिव्यांग व्यक्तीच्या स्वेच्छेच्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येत नाही. 'पिशवीच काढून टाका, कटकट नको' असा सल्ला आजही मिळतो. तो देणाऱ्याला हे सांगायला हवं.

बुद्ध्यांकावरून कोण चांगली आई होईल ते सांगता येतं, हाही गैरसमजच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत साधारण 60 च्या वर बुद्ध्यांक असेल तर त्याचा आणि संगोपनाच्या दर्जाचा सरळ संबंध आढळत नाही. मूल नीट वाढतं की नाही हे ठरतं घरातल्या पैशावर, आईबापांच्या तब्येतीवर, त्यांना स्वतःला लहानपणी काय मिळालं यावर, आणि आसपास हाकेला ओ देणारं माणूस आहे की नाही यावर. यांतली शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे.

हात धरून, पण हात काढून घेत शिकवायचं

कॅनडात मॉरिस फेल्डमन यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या आईबापांना बालसंगोपन शिकवण्याचं काम अनेक वर्षं केलं. त्यांची रीत साधी आहे. काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचं, पायऱ्यांची चित्रं करायची, आधी करून दाखवायचं, मग करायला लावायचं, जमलं की लगेच सांगायचं. अशा शिकवण्याने कौशल्यं येतात आणि टिकतात, हे त्यांच्या अभ्यासांतून दिसलं. यासाठी मोठी पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि मध्येच 'दे इकडे, मी करते' म्हणायचा मोह आवरणं.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्यायचं घ्या. आई वाचत नाही, 'एक लिटर' म्हणजे किती हे तिला सांगून कळत नाही. तिला आरोग्य केंद्रात बसवून भाषण देऊ नका. तिच्या स्वयंपाकघरात जा. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणं या माणसांना अवघड जातं, म्हणून शिकवायचं तिच्याच घरी, तिच्याच भांड्यांत. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या आणि ती फक्त याच कामासाठी फळीवर ठेवा. पहिली पायरी: हात धुवायचे. दुसरी: पिण्याचं स्वच्छ पाणी बाटलीत ठरल्या खुणेपर्यंत भरायचं. तिसरी: बाटली ठरलेल्या पातेल्यात ओतायची. चौथी: पाकीट कापून सगळंच्या सगळं त्यात टाकायचं, थोडं उद्यासाठी ठेवायचं नाही. पाचवी: विरघळेपर्यंत ढवळायचं. सहावी: चमच्याने किंवा वाटीने थोडं थोडं द्यायचं. प्रत्येक पायरीला तिच्या हातांचा फोनवर फोटो काढा. इंटरनेटवरचं चित्र नको, तिचेच हात, तिचंच पातेलं. सहा फोटो छापून ओट्याच्या वर ओळीने चिकटवा. मग तिला एकटीला करू द्या आणि तुम्ही स्वतःचे हात पाठीमागे धरून उभ्या राहा. अडली तर बोलू नका, पुढच्या फोटोकडे बोट दाखवा. जमलं की 'छान' एवढंच न म्हणता 'पाकीट पूर्ण रिकामं केलंस, बरोबर केलंस' असं सांगा. आठवड्याने पुन्हा जा आणि न सांगता करायला लावा.

यात एक धोका ध्यानात ठेवायचा. बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. तिच्या घरात एकाच मापाची पाकिटं राहतील अशी व्यवस्था करा, आणि दुकानदाराला दाखवायला रिकामं पाकीट पिशवीत ठेवायला सांगा. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं, हे 'सकाळी उठलं की उरलेलं ओतायचं' अशा सवयीत बसवलं तर घड्याळ लागत नाही. शेवटी एक सातवं चित्र लावा, लाल कडेचं: मूल पीत नाही, डोळे खोल गेलेत, लघवी होत नाही, शीमध्ये रक्त दिसतंय. यांतलं काही दिसलं की ठरलेल्या माणसाला फोन. त्या माणसाचा फोटो तिच्या मोबाइलवर त्याच्या नंबराला लावून ठेवा. नाव वाचावं लागणार नाही.

हीच रीत तापाच्या औषधाला, आंघोळीच्या पाण्याच्या गरमपणाला, डबा भरायला चालते. तापाच्या सिरपची ताकद बाटलीनुसार बदलते आणि मात्रा मुलाच्या वजनानुसार, म्हणून मापाच्या टोपणावर रंगाची रेघ ओढून दिलीत तर नवी बाटली आली की ती रेघ तुम्ही स्वतः पुन्हा तपासायची आणि जुनी बाटली घरातून काढायची. वेळा सांगताना 'साडेनऊ' म्हणण्यापेक्षा 'शाळेची घंटा झाली की', 'नळाला पाणी आलं की', 'संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की' हे सोपं पडतं.

एका वेळी एकच माणूस शिकवेल आणि एकच पद्धत सांगेल, एवढं घरात ठरवून टाका. आजी म्हणते तेल आधी, आशाताई म्हणते तेल नको, शेजारीण तिसरंच सांगते. साक्षर आईही यात गोंधळते. घरभेटींचं वेळापत्रक सरकारने आखलेलंच आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट असते. या आयांच्या घरी या भेटी चुकता कामा नयेत. शक्य असेल तर दर वेळी तीच ताई यावी.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की ते आईपेक्षा भराभर वाचायला लागतं, आणि घरात एक नवीच अडचण उभी राहते. मूल आईला 'तुला काही येत नाही' म्हणू लागतं, कारण बाकीचे म्हणताना त्याने ऐकलेलं असतं. अभ्यास घ्यायला शेजारचा दादा किंवा ताई ठरवा. प्रगतिपुस्तकावर सही मात्र आईची किंवा बाबांचीच असू द्या, अंगठा असला तरी. पालकसभेला त्यांनाच बोलवा. शाळेतल्या बाईंनी पाच मिनिटं काढून, तोंडी, सोप्या शब्दांत, एका वेळी एकच गोष्ट सांगितली तर मूल कुणाचं हे वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही कळतं.

औषध, माहेर आणि रात्र

मानसिक आजार असलेल्या आईच्या बाबतीत पहिला प्रश्न औषधांचा. आपल्याकडे दोन वेळा औषध हमखास सुटतं. एकदा लग्न झाल्यावर, कारण आजार सासरपासून लपवलेला असतो आणि गोळ्या लपून किती दिवस घेणार? दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर, कारण कुणीतरी सांगतं की गोळ्या बाळाला बाधतात. दोन्ही वेळा आजार उलटण्याची भीती मोठी असते. काही औषधं गरोदरपणात खरोखरच टाळायची असतात. व्हॅल्प्रोएट हे त्यांतलं मुख्य, कारण त्याने बाळात जन्मजात व्यंग आणि पुढे बौद्धिक वाढीत अडचणी येण्याचं प्रमाण बरंच वाढतं. पण औषध बदलणं हे मूल हवं असा विचार सुरू झाला तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन करायचं काम आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर घरच्याघरी एका रात्रीत गोळ्या बंद करणं हे आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकतं.

बाळंतपणाला माहेरी जायची आपली चाल चांगली आहे, पण त्यात एक फट राहते. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. तिचा डॉक्टर सासरच्या गावात राहतो, फाइलही तिथेच. गोळ्या पंधरा दिवसांत संपतात आणि माहेरी नवा डॉक्टर शोधायला कुणी धजावत नाही, कारण गावात कळेल. म्हणून पाठवणी करताना ओटीच्या साहित्याबरोबर तीन गोष्टी द्या: चालू औषधांची चिठ्ठी, दोन महिन्यांच्या गोळ्या, आणि माहेरजवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची आधीच घेतलेली तारीख. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात ही औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. हजार बाळंतिणींत एक-दोघींना तीव्र मनोविकाराचा झटका येतो, आणि पूर्वी बायपोलर आजार असलेल्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. झोप जवळजवळ नाहीशी होते, बोलणं असंबद्ध होतं, बाळाबद्दल भलत्याच कल्पना येतात. 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषीकडे नेण्यात गेलेला एक दिवसही महाग पडू शकतो. हा त्याच दिवशी रुग्णालयात जायचा आजार आहे, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. याहून कितीतरी अधिक आढळतं ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. भारतीय अभ्यासांची गोळाबेरीज साधारण पाचांतल्या एका बाळंतिणीपर्यंत जाते. ती रडतेच असं नाही. बऱ्याच जणी फक्त गप्प होतात.

आता घरच्यांना लगेच करता येईल अशी सर्वांत उपयोगाची गोष्ट. तिची रात्र वाचवा. झोप मोडली की बायपोलर आजार उसळतो, आणि रात्रीच्या गोळीने येणारी गुंगी असेल तर बाळाला शेजारी घेऊन झोपणं धोक्याचं असतं. रात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधावर नवऱ्याने करावं आणि आईला सलग पाच-सहा तास झोप मिळावी. दिवसा बाळ मात्र तिच्याकडे. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट चालतं.

वडील आजारी असतील तर घर त्यांना बाजूला बसवून मोकळं होतं. "तुम्ही नुसते पडून राहा." बाप हळूहळू घरातला पाहुणा होतो. त्यांना रोजचं एक ठरलेलं काम द्या, शाळेत सोडणं किंवा पाढे घेणं, जे वाईट दिवसातही अर्धंमुर्धं जमेल. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी कोण करणार, हेही आधीच ठरवा, म्हणजे रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायची वेळ मुलावर येणार नाही.

मुलाशी काय बोलायचं

घरात काय चाललंय ते मुलाला कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलाला सगळं दिसतं, फक्त कारण माहीत नसतं, आणि मग ते कारण स्वतःत शोधतं: मी हट्ट केला म्हणून आई अशी झाली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुष्कळ: "आईला बरं नाहीये. ताप आला की तुझं अंग दमतं ना, तसं या आजारात आईचं मन दमतं. म्हणून ती झोपून राहते, कधी चिडते. तुझ्यामुळे हे झालेलं नाही. तिला बरं करणं हे डॉक्टरांचं काम आहे, तुझं नाही. तोवर तुझा डबा मावशी भरेल." शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाला आजाराच्या नावापेक्षा उद्याच्या डब्याची काळजी जास्त असते.

हे शक्यतो आईबापांनीच सांगावं, बरं असतानाच्या दिवसात. फिनलंडमध्ये टिट्टी सोलान्टाउस यांनी रुग्ण पालकांशी त्यांच्या मुलांबद्दल बोलण्याची एक पद्धत घडवली, तिचा गाभा हाच: डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रुग्णाला विचारायचं की मुलांचं कसं चाललंय, त्यांना काय माहीत आहे, तुम्ही त्यांच्याशी कसं बोलाल. नॉर्वेत 2010 पासून रुग्णाला लहान मुलं आहेत का हे पाहणं आरोग्य कर्मचाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या ओपीडीत एवढा वेळ नसतो. मग सोबत जाणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून न्यावं: घरी दोन मुलं, वय तीन आणि नऊ, दिवसा सांभाळायला दुसरं कुणी नाही. डॉक्टर गोळीची वेळ आणि मात्रा त्यानुसार बदलू शकतात.

घरातल्या मोठ्या मुलीची मला खास काळजी वाटते. दहा-अकरा वर्षांची पोर धाकट्याला भरवते, आईच्या गोळ्या मोजते, बाबा दारू पिऊन आले तर मध्ये उभी राहते, आणि सगळे तिचं कौतुक करतात, 'किती समजूतदार!' हे कौतुक थांबवा. घरकामात हातभार लावणं वेगळं, आईच्या आजाराची राखण करणं वेगळं. गोळ्यांचा हिशोब प्रौढ माणसाकडेच हवा. या मुलीला आठवड्यातून एक संध्याकाळ खेळायला, एका मोठ्या माणसाशी मोकळं बोलायला, आणि 'आज तुझी पाळी नाही' हे ऐकायला मिळालं पाहिजे.

कॉलेजच्या वयाची मुलं एक प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा रात्री आणि एकट्याने: मलाही होईल का? खोटा धीर देऊ नका. आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणजे बहुतेकांना होत नाही. ती शक्यता वाढवणारी आणि टाळता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे गांजा. झोप बिघडली, संशय वाढू लागला तर लवकर दाखवायचं. वाचायची आवड असेल त्यांना जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी द्या. माहीमच्या एका छोट्याशा फ्लॅटमध्ये आजारी आईसोबत वाढणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे, आणि शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली आहे.

वाईट दिवसांचा कागद

चांगला काळ चालू असताना आईबापांसोबत बसून एक कागद लिहा. आजार उलटतोय हे त्यांना स्वतःला कशावरून कळतं (झोप कमी होणं, जेवण टाकणं, देवघरात तासन्‌तास बसणं, जे असेल ते). अशा वेळी आधी कुणाला फोन करायचा. मुलं कुणाकडे राहतील, आणि त्या घरी कुणी दारू पिणारा नाही ना. धाकटा कुठल्या गोधडीशिवाय झोपत नाही, मोठीला कशाची अ‍ॅलर्जी आहे, शाळेतून आणायला कोण जाणार. एक प्रत शाळेत, एक ठरलेल्या नातेवाइकाकडे. आईबापांच्या शब्दांत लिहिलेला असेल तर हा कागद मुलं हिसकावून घेण्याचा राहत नाही, त्यांनीच केलेली सोय होतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये याला जोड आहे. कुणाही प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून, आणि तो बदलताही येतो. याच कायद्यातली आणखी एक तरतूद फार थोड्या घरांना माहीत आहे. उपचारांसाठी दाखल झालेल्या बाईचं मूल तीन वर्षांखालचं असेल तर सामान्यतः त्याला तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञाचं मत असेल तरच तात्पुरतं वेगळं करायचं. तेव्हाही आईला देखरेखीखाली मूल भेटत राहिलं पाहिजे, निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे, आणि सलग तीस दिवसांपुढे जायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मान्यता लागते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांपासून गावातल्या खासगी मानसोपचार रुग्णालयापर्यंत हे सगळ्यांना लागू आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करणारा विभाग चालू आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रादेशिक मनोरुग्णालयात असा विभाग असायला हवा, आणि लोकप्रतिनिधींकडे मागायचीच तर ही गोष्ट मागावी.

मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर थांबायचं नाही. 'बाळाला मार' असे आवाज ऐकू येतायत, बाळ बदललं गेलंय किंवा त्याच्यात सैतान आहे अशी पक्की खात्री आईला वाटतेय, 'मुलांना घेऊन जीव देते' असं ती बोलतेय, मूल उपाशी किंवा बांधून ठेवलेलं आढळतंय. यांतलं एक जरी असेल तर आईला आणि मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीचं नाव निघालं की घरं घाबरतात. पण बाल न्याय कायदा 2015 चं तत्त्वच असं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, आधी कुटुंबाला बळ द्यायचं. समितीपुढे जाताना वर सांगितलेला कागद, फोटोंची ओळ, आशाताईच्या भेटींच्या नोंदी घेऊन जा.

पैशाचं थोडक्यात. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही 2016 च्या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांत मोडतात. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड असेल तर अनेक योजनांची दारं उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची (2023 पासून दरमहा 2250 रुपये) आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाची (दरमहा 4000 रुपये) चौकशी करा. दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याच्या योजना आखणं हे 2016 च्या कायद्याने सरकारचं काम ठरवलंय. अर्ज नाकारला तर नकार लेखी मागायचा. नातेवाइकांना स्वतःसाठी आधार हवा असेल तर पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थांकडे विचारा.

आई रुग्णालयातून घरी येते तेव्हाचे पहिले दिवस नाजूक असतात. मूल तिच्याकडे जायला कचरतं, आजीला बिलगतं; आईला वाटतं, हे माझं राहिलं नाही. त्या वेळी मुलाला तिच्या अंगावर ढकलू नका आणि लांबही ठेवू नका. पहिल्या आठवड्यात आंघोळ आजीने घालावी, अंग पुसून कपडे आईने घालावेत. पुढच्या आठवड्यात संध्याकाळचं भरवणं आईकडे, तुम्ही त्याच खोलीत, पण काही न बोलता. चुकलं तर तिथल्या तिथे हात घालू नका, धोका असेल तरच बोला. बाकीचं मूल झोपल्यावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळेत सोडायला तिने जावं, कुणीतरी सोबत. पुढच्या तपासणीची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने तिच्याच हाताने लिहून घ्या, आणि त्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणणार त्याचं नाव त्याच चौकटीत खाली.